कृष्णेची भीती आणि लिफ्टची भीती



मागच्या रविवारी स्वाध्याय झाल्यावर आम्ही सात-आठ जणी बस्तीच्या कट्ट्यावर बसलो होतो. कुणीतरी पालीचा विषय काढला. एक वहिनी म्हणाल्या, "मला बाई पालीचा फोबियाच आहे." दुसरी म्हणाली, "मला उंदराचा." तिसरी म्हणाली, "मला सासूबाईंचा होता, आता गेला!" सगळ्या खो-खो हसलो. एक आक्का मात्र हसल्या नाहीत. घरी जाताना त्या माझ्या बरोबर चालत आल्या आणि कोपऱ्यावर थांबून हळूच म्हणाल्या, "काय गं, साधी भीती कुठली आणि फोबिया कुठला, हे कळायचं कसं?"

त्यांना कशाची भीती वाटते ते मी इथे लिहिणार नाही. रस्त्यावर उभं राहून उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून "लिहूनच सांगते" म्हटलं. त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. घरच्यांखेरीज ती फारशी कुणाला माहीत नाही. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझं घर सांगलीच्या गावभागात. गावभागात राहणाऱ्या माणसाला कृष्णेची भीती वाटत नाही असं होत नाही. २००५ चा पूर आम्ही पाहिला. तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. त्याहून मोठा पूर येणार नाही असं सगळे म्हणत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात माझ्या खांद्याइतकं पाणी होतं. देव्हारा, धान्याच्या कोठ्या, लग्नातलं लाकडी कपाट, सगळं चिखलात गेलं. घर धुऊन काढायला महिना लागला, आणि भिंतींची ओल जायला दोन वर्षं.

त्यामुळे आजही जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. हे विचारतात, "पूल किती?" आमच्याकडे एवढंच विचारतात. पुलावर फूट लिहिलेले आहेत. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. तिशीत पाणी असलं की मी फक्त बातम्या बघते. पस्तीस झालं की घराची कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवते. चाळीसला धान्य वर, गॅसची शेगडी वर, आणि आम्ही दोघं नणंदेकडे विश्रामबागला. पाणी उतरलं की परत येतो, सामान खाली काढतो, आणि मी पुढच्या वर्षीपर्यंत शांत झोपते.

ही झाली कृष्णेची भीती. आता दुसरी.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. लोडशेडिंगचे दिवस होते. पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी आणि जाऊबाई एका मोठ्या इमारतीत गेलो होतो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. जनरेटर होता म्हणे, पण त्या दिवशी तो सुरू झाला नाही. आत आम्ही सात माणसं, पंखा बंद, मिट्ट काळोख. कुणीतरी दार बडवत होतं. पंचवीस मिनिटं गेली. जाऊबाई शांतपणे णमोकार म्हणत होत्या. मला मात्र छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास आत जाईना. आपण आता इथेच मरणार, अशी माझी खात्री झाली होती. दार उघडलं, आम्ही बाहेर आलो, उसाचा रस प्यायलो आणि घरी गेलो. जाऊबाई आठ दिवसांत विसरून गेल्या. मी विसरले नाही.

पण सांगलीत आमचं घर तळमजल्यावर. बस्ती, मंडई, बँक, सगळं जमिनीवर. लिफ्टशी संबंधच येत नसे. आला तर मी म्हणायची, "दोनच मजले आहेत, जाते चालत." गुडघे बरे होते. भीती आहे हे इतरांनाच काय, मलाही फारसं जाणवलं नाही.

मग मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला. नववा मजला. एकूण १८० पायऱ्या, मी मोजलेल्या आहेत. पहिल्या दिवशी मी लिफ्टच्या दारापर्यंत गेले, दार उघडलं, आतला आरसा दिसला आणि पाय जागच्या जागी खिळले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय" म्हणून जिना चढले. दोनदा थांबले. वर पोचेपर्यंत सुनेने केलेला चहा निवला होता.

मुलाने समजावून सांगितलं. लिफ्ट एका दोरावर नसते, अनेक दोर असतात. सगळे तुटले तरी ब्रेक लागतो. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ओटिस नावाच्या माणसाने लोकांसमोर वर उभं राहून दोर कापायला लावला होता, आणि पाळणा खाली पडला नाही. हवा यायला जागा असते, घंटा असते, इमारतीला जनरेटर आहे. मला सगळं पटलं. मी बी.कॉम. आहे, हिशोब कळतो. पटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्याने गेले.

मैत्रिणींनो, आता लाजेची गोष्ट येते. किती दिवस "व्यायाम" सांगणार? गुडघे दुखू लागले होते, आणि मी पुण्याला जायची टाळाटाळ करायला लागले होते. नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला गेले नाही, बस्तीत कार्यक्रम आहे असं सांगितलं. पुढच्या वर्षी चातुर्मासात आमच्याकडे एक आर्यिका माताजी होत्या. सगळ्या जणी नियम घेत होत्या. कुणी हिरव्या भाजीचा, कुणी गोडाचा. मी हात जोडून म्हणाले, "माताजी, चार महिने लिफ्टचा त्याग." माताजींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि नियम दिला. बायकांनी कौतुक केलं. विहिणींनी तर फोन करून सांगितलं, "या वयात नऊ मजले चढून जायचं म्हणजे केवढा संयम!" मी काही बोलले नाही. चातुर्मास संपल्यावर मी तो नियम आपल्या आपण वर्षभरासाठी वाढवला.

भीतीवर मी धर्माचं पांघरूण घातलं होतं. चार कषायांत 'माया' म्हणतात ती हीच, हे तेव्हाही मला कळत होतं.

मग ती रात्र आली. आम्ही दोघं पुण्यातच होतो. रात्री दोनच्या सुमारास हे उठून बसले. घामाने अंग भिजलेलं, डावा हात धरलेला. म्हणाले, "जरा बरं वाटत नाही." मुलाने क्षणही न घालवता यांना आधार दिला, सुनेने लिफ्ट बोलावली. दार उघडलं. हे आत गेले, मुलगा गेला. सून नातीजवळ थांबली. माझ्यासाठी जागा होती. मी उंबऱ्यावर उभी होते. यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाय उचलला आणि मागे घेतला. दार बंद झालं.

मी जिन्याने धावले. अंधारात, कठडा धरून, १८० पायऱ्या. खाली पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. मुलाने थांबायचंही नव्हतं, त्याने बरोबरच केलं. वॉचमनने रिक्षा बोलावून मला बसवून दिलं. दवाखान्यात पोचले तर यांना पाचव्या मजल्यावर नेलेलं, आणि जिन्याचं दार रात्री बंद. "लिफ्टने जा, आजी," रखवालदार म्हणाला. मी तिथेच खालच्या बाकावर बसले. सकाळी सहाला जिना उघडेपर्यंत बसून राहिले. वर माझ्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट घालत होते, आणि मी खाली बसून लिफ्टच्या दारावरचे आकडे बदलताना बघत होते.

हे बरे झाले. आज ठणठणीत आहेत. त्या रात्रीबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

पंधरा दिवसांनी सूनबाई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, मी एका डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तुम्हाला राग येईल, पण मी बरोबर येईन." राग आला. मी काय वेडी आहे का, असं मनात आलं. पण ते बाक आठवलं आणि गेले.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. आधी त्यांनी थायरॉइडची तपासणी आणि ईसीजी करून घेतला. धडधड, घाम, श्वास अडकणं हे शरीराच्या आजारानेही होतं, ते आधी बघायचं असतं म्हणाल्या. दोन्ही ठीक निघालं. मग सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "याखेरीज तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मी म्हटलं, "कृष्णेची." त्या पुण्याच्या, त्यांना आधी कळलंच नाही. मग मी पुराचं सांगितलं.

"पुराची भीती वाटली की तुम्ही काय करता?"

"पुलाचे फूट बघते. कागदपत्रं वर ठेवते. चाळीसला घर सोडते."

"आणि पाणी उतरलं की?"

"भीती उतरते."

"आता सांगा, लिफ्टची भीती वाटते तेव्हा तुम्ही कुठले फूट बघता?"

मी गप्प बसले. उत्तरच नव्हतं. लिफ्ट नवी असो की जुनी, दोन मजल्यांची असो की वीस, वीज असो की नसो, माझं पाणी कायम ५७ फुटांवर. मुलाने दोरांचं, ब्रेकचं सांगितलं तरी इंचभर उतरलं नाही.

त्या म्हणाल्या, "साधी भीती धोक्याबरोबर चढते, धोक्याबरोबर उतरते, आणि तुमच्याकडून काहीतरी उपयोगाचं करून घेते. ती तुमची राखण करते. फोबियात भीती धोक्याच्या मानाने खूप मोठी असते. ती वस्तू समोर आली की जवळजवळ दर वेळी आणि लगेच उसळते. तुम्हाला कळत असतं की एवढं घाबरण्यासारखं नाही, तरी थांबवता येत नाही. माणूस ती गोष्ट टाळायला लागतो, किंवा अतिशय त्रास सोसत ती करतो. हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चालतं, आणि त्यापायी रोजच्या जगण्यातलं काहीतरी सुटतं. तुमचं काय सुटलं?"

मी म्हटलं, "नातीचा वाढदिवस." पुढचं बोलवलं नाही. सूनबाईने माझा हात धरला.

डॉक्टरांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या तुमच्यासाठी लिहिते. फोबिया हा वेडेपणा नाही, आणि दुर्मीळ तर मुळीच नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त आढळतो. प्राण्यांचा असतो, उंचीचा-पाण्याचा-विजेचा असतो, रक्त आणि इंजेक्शनचा असतो, आणि लिफ्ट, विमान, बंद खोली अशा जागांचा असतो. बऱ्याच वेळा तो लहानपणी सुरू होतो, पण माझ्यासारखा मोठेपणी एखाद्या प्रसंगानंतरही जडतो. आणि मुख्य म्हणजे, टाळल्याने तो वाढतो. आपण जिन्याने गेलो की बरं वाटतं. मन त्यातून शिकतं की जिन्याने गेलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी जोरात ओरडतं.

हे ऐकताना मला कॉलेजातला अकाउंट्सचा तास आठवला. बुडीत आणि संशयित कर्जासाठी तरतूद करायची असते. उधारी दिली आहे, त्यातली काही बुडेल, म्हणून नफ्यातून थोडी रक्कम बाजूला काढायची. ती शहाणपणाची भीती. माझ्या पुराच्या पिशव्या म्हणजे ती तरतूद. पण एका गिऱ्हाइकाने एकदा पंचवीस मिनिटं पैसे दिले नाहीत म्हणून कुणी सगळं दुकानच बंद करून बसलं, तर त्याला तरतूद कोण म्हणेल? आणि दर वेळी जिन्याने जाऊन मी त्या कर्जाचा हप्ता चुकवत होते. व्याज चक्रवाढीने चढत होतं. २००६ ची मुद्दल पंचवीस मिनिटांची, आणि त्या रात्री मी फेडले चार तास.

उपचार ऐकून मला धडकीच भरली. गोळ्या नाहीत, भीतीच्या जवळ जायचं. पण एकदम नाही, पायरीपायरीने. डॉक्टरांनी शून्य ते शंभर अशी भीतीची मोजपट्टी दिली आणि यादी करायला सांगितली. माझ्या आवडीचं काम! मी एक जुनी खतावणी काढली आणि रकाने आखले. तारीख, काय केलं, सुरुवातीची भीती, शेवटची भीती, शेरा.

पहिली पायरी, लिफ्टसमोर दहा मिनिटं उभं राहायचं. भीती ५०. दुसरी, दार उघडं धरून आत जायचं आणि बाहेर यायचं. भीती ७०. तिसरी, सूनबाईबरोबर एक मजला. भीती ९५. हात थरथरत होते. मी तिचा दंड एवढा आवळला होता की वळ उठले. ती काही बोलली नाही.

नियम एकच होता. भीती आली की पळायचं नाही. ती आपली आपण उतरेपर्यंत तिथेच राहायचं, पुन्हा पुन्हा करायचं. शरीर तितका वेळ घाबरून राहूच शकत नाही, थोड्या वेळाने ते दमतं. मला हे खोटं वाटलं होतं. पण खतावणीत दिसायला लागलं. एकाच दुपारी तळमजला ते पहिला, पहिला ते तळमजला, असं मी अकरा वेळा केलं. पहिल्या फेरीत ९०, अकराव्या फेरीत ३५. इमारतीतली मुलं म्हणत होती, आजींना लिफ्टचा खेळ फार आवडतो.

एक गोष्ट मला डॉक्टरांना विचारायची होती. लिफ्टमध्ये णमोकार म्हटला तर चालेल का? कायोत्सर्गात आपण २७ श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणतो. श्वास आपोआप संथ होतो. त्या म्हणाल्या, "जरूर म्हणा, श्वास संथ होणं चांगलंच. पण मंत्र म्हटला म्हणून लिफ्ट अडकली नाही, असं मनाला वाटू देऊ नका. नाहीतर एखाद्या दिवशी म्हणायचा राहिला की पुन्हा अडकाल." डॉक्टर जैन नव्हत्या, पण मला ते अगदी आपल्या शास्त्रातलं वाटलं. णमोकारात आपण पंच परमेष्ठींना नमस्कार करतो. लिफ्ट चालू ठेवा असं मागणं त्यात कुठेही नाही.

मध्ये एकदा सगळं बिघडलं. तीन आठवडे सांगलीला राहून परत गेले आणि पुन्हा दारापाशी पाय अडकले. मी रडले. डॉक्टर म्हणाल्या, "दोन पायऱ्या खाली उतरा आणि पुन्हा सुरू करा." उतरले, सुरू केलं. सुमारे चार महिन्यांनी एका मंगळवारी मी एकटी, हातात भाजीची पिशवी घेऊन, तळमजल्यावरून नवव्या मजल्यावर गेले. सुरुवातीला ४०, शेवटी २०. शेऱ्यात लिहिलं आहे, "मेथी चांगली मिळाली."

उपचार झाला, पण एक बाकी राहिली होती. मी माताजींच्या दर्शनाला गेले आणि सगळं सांगितलं. खोटा नियम घेतला होता, प्रायश्चित्त द्या म्हटलं. माताजी हसल्या. म्हणाल्या, "जे आपल्या हातात आहे ते सोडलं तर त्याग. तुझ्या हातात ते नव्हतंच, मग तू सोडलंस काय?" मग म्हणाल्या, "तेव्हाच मला वाटलं होतं. पण तू सांगेपर्यंत थांबले."

मी विचारलं, "माताजी, सम्यग्दृष्टीला सात भयं नसतात असं समयसारात आहे. मग आपण एवढ्या घाबरतो, म्हणजे आपली श्रद्धाच कच्ची का?" हा प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मनात असेल म्हणून त्यांचं उत्तर लिहिते. त्या म्हणाल्या, भय हा नोकषाय आहे, तो चारित्रमोहनीयात येतो. श्रद्धा झाकतं ते दर्शनमोहनीय, ते वेगळं. भय नोकषायाचा उदय आठव्या गुणस्थानापर्यंत सांगितला आहे. म्हणजे महाव्रती मुनींनाही ते कर्म पूर्ण सुटलेलं नसतं. मग आपल्यासारख्या संसारी बाईची छाती धडधडली तर तेवढ्यावरून तिची श्रद्धा गेली असं कुणी म्हणू नये.

घरी येऊन मी गोम्मटसार जीवकांडातला संज्ञांचा भाग पुन्हा वाचला. भयसंज्ञा उत्पन्न होण्याची चार कारणं तिथे दिली आहेत. भयंकर वस्तू दिसणं, पूर्वी पाहिलेल्या तशा वस्तूची आठवण होणं, सत्त्व कमी असणं, आणि भयकर्माची उदीरणा. हे मी पाठशाळेत पाठ केलं होतं, पण दुसऱ्या कारणाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. कृष्णेचं पाणी दिसतं तेव्हा पहिलं कारण. लिफ्टमध्ये मला भयंकर असं काहीच दिसत नव्हतं, २००६ ची आठवण तेवढी दिसत होती.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येते, आणि त्या पालीकडेही.

पाल दिसली, ओरडलात, कुणाला तरी हाक मारून सुपलीने हळूच बाहेर घालवलीत, आणि पुन्हा पोळ्या लाटायला लागलात, तर ती साधी भीती. कदाचित भीतीही नसेल, किळस असेल. आपल्याकडे भय आणि जुगुप्सा हे दोन वेगळे नोकषाय मोजले आहेत ते उगाच नाही. डॉक्टरही म्हणाल्या की पाल, झुरळ, उंदीर यांच्या भीतीत किळसेचा वाटा मोठा असतो. पण पाल दिसली होती म्हणून चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, रात्री तहान लागली तरी उठला नाहीत, माहेरच्या जुन्या घरी जायचंच सोडलंत, आणि हे वर्षानुवर्षं चाललं आहे, तर हसण्यावारी नेऊ नका.

इंजेक्शनचं जरा वेगळं आहे. सुई टोचताना "आई गं" म्हणणं साधं. पण त्या भीतीने मधुमेहाची रक्ततपासणी वर्षानुवर्षं टाळली असेल तर ती जिवावर बेतू शकते. रक्त किंवा सुई बघून काही जणींना खरोखरच चक्कर येते, कारण त्यात रक्तदाब एकदम उतरतो. ते नाटक नसतं. अशा वेळी हातापायांचे स्नायू आवळून धरायला शिकवतात, म्हणजे रक्तदाब टिकतो. तपासणीआधी तिथल्या नर्सला सांगून आडवं पडून रक्त द्यावं.

लहान मुलांना अंधाराची, अनोळखी माणसांची भीती वाटते, ती त्या वयाची असते आणि बहुतेकदा वयाबरोबर जाते. नातवंडांना "भित्रा" म्हणू नका, आणि "भीती घालवतो" म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडू तर मुळीच नका. पायरीपायरीने, त्याच्या मर्जीने, आपण बरोबर राहून करायचं आणि कोंडून ठेवायचं यात फार अंतर आहे. चार दानांत अभयदानही आहे. ते फक्त मुक्या जीवांसाठी नाही, आपल्या घरातल्या घाबरलेल्या माणसासाठीही आहे.

तेव्हा आक्का, मी स्वतःला विचारलेले प्रश्न तुम्हीही विचारून बघा. माझी भीती धोक्याबरोबर उतरते का? ती माझ्याकडून काही उपयोगाचं करून घेते, की फक्त टाळायला लावते? टाळण्यासाठी मी खोटी कारणं सांगते का? आणि त्यापायी माझं काय सुटलं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर असेल तर एकटीने सोसू नका. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. नाहीतर मला सांगा, मी बरोबर येईन. माझी सून माझ्याबरोबर आली होती.

गेल्या महिन्यात यांची तपासणी होती, त्याच दवाखान्यात, त्याच पाचव्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडलं. हे थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी आधी आत गेले. वर जाताना हे म्हणाले, "पूल किती?"

मी म्हटलं, "पंचवीस फूट."

या चातुर्मासात मी चहाचा नियम घेतला आहे. हा मात्र खरोखर जड जातोय.

जय जिनेंद्र.